उतरवून घेतलेली सहल

शाळेची सहल आखताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलांना न्यायचे कुठे? या प्रश्नाचे एक आयते उत्तर आता संगणकावर मिळते. जिओकॅशिंग नावाच्या खेळाचे संकेतस्थळ उघडायचे, गावाचे नाव आणि त्रिज्या द्यायची. त्या वर्तुळात कोणी कोणी लपवून ठेवलेल्या डब्यांचे अक्षांश-रेखांश एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. फाइल फोनमध्ये भरली की सहलीचा आराखडा तयार. भूगोल आणि विज्ञान शिकवण्याचे साधन म्हणून या पद्धतीची बरीच शिफारस होते. ती कितपत खरी आहे, हे आपण पेण तालुक्यातील जोहे गावाच्या परिसराचे उदाहरण घेऊन तपासून पाहू.

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून नागरी वापरासाठी येणाऱ्या संदेशांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे आपले स्थान शंभरेक मीटरपर्यंत चुकू शकत असे. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ती शोधा, एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम होता. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून असाच एक खेळ नकाशा आणि होकायंत्र घेऊन चालत आला होता. नव्या खेळात होकायंत्राची जागा उपग्रहांनी घेतली.

उतरवून घेतलेल्या शोधयादीचे गुण मान्य केले पाहिजेत. शोध घेताना डब्याचा प्रकार, शोधण्याची अवघडता, वाटेची अवघडता अशा चाळण्या लावता येतात. दोन्ही अवघडता १ ते ५ या मापावर दिलेल्या असतात, म्हणून पाचवीच्या वर्गाला झेपेल तेवढेच निवडता येते. फाइल एकदा हाती आली की फोनला रेंज नसली तरी काम अडत नाही. उपग्रहांचे संदेश आपण फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही, ही गोष्ट मुलांना येथे सहज पटवून देता येते.

दुसरा गुण आकड्यांत आहे. या खेळात स्थान अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत लिहितात. पेणचा परिसर १८° ४५′ उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. तेथे अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८४ मीटर, तर रेखांशाचा १.७६ मीटर. रेखांशाचा भाग लहान का? कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक पाचेक मीटर धरली, तर शेवटच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, हेही मुलांनाच काढू द्यावे. जुना स्थलनिर्देशक नकाशा सोबत असेल तर गोष्ट आणखी रंगते. तो एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंबगोलावर बेतलेला असतो, तर जीपीएसचा लंबगोल वेगळा. म्हणून एकाच विहिरीचे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत आणि तरीही कोणतेच खोटे नसतात. एवढा धडा या खेळातून मिळाला तरी तो थोडका नव्हे.

पण येथेच गाडी अडते. यादी डब्याचे स्थान सांगते, तिथवरच्या जमिनीविषयी फारच थोडे सांगते. शोधाचे केंद्र जोहे धरा आणि त्रिज्या ५ किलोमीटर. फाइलमधील डबे केंद्रापासूनच्या अंतरानुसार लावले, तर ते अंतर असते सरळ रेषेतले, म्हणजे कावळ्याच्या उड्डाणाचे. पेण तालुक्याची पश्चिम बाजू खारेपाटाची आहे. धरमतरची खाडी, तिला मिळणाऱ्या नद्या, त्यांचे फाटे आणि खारे पाणी अडवणारे बांध यांनी ही जमीन चिरलेली आहे. फाट्यापलीकडचा बिंदू यादीत १ किलोमीटरवर दिसेल आणि पूल गाठून जाताना तोच ६ किलोमीटरवर निघेल. प्रत्यक्ष वाट भागिले सरळ अंतर, हा भागाकार मुलांनी पाच-सहा ठिकाणांसाठी नकाशावर दोरा ठेवून काढावा. डोंगराळ भागात, सपाट शेतात आणि खाडीकाठी तो किती बदलतो, यातच त्या जमिनीचा भूगोल आहे. यादीवर विसंबून सहल आखणारा हा धडा गमावतो आणि दुपारची वेळही चुकवतो.

वेळेचे तर आणखी अवघड आहे. यादीत भरती-ओहोटीचा रकाना नसतो. खाडीकाठी मात्र सहलीचे वेळापत्रक चंद्र ठरवतो. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि तेव्हाच उधाणही असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचा जोर कमी. म्हणजे बांधाखालच्या वाटेने जायचे तर फाइलइतकेच पंचांगही उघडले पाहिजे. काठावरच्या कोणाही मच्छीमाराला हे ठाऊक असते. त्याला आधी विचारावे, मग वेळ ठरवावी.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून खोलवरचा आहे. शोधयादी आपल्याला परिसर दाखवते असे वाटते. वास्तविक ती दाखवते की तेथे हा खेळ खेळणारे कोण आणि किती पोहोचले. युरोप-अमेरिकेइतका हा खेळ भारतात रुजलेला नाही. त्रिज्या ५ ऐवजी १० किलोमीटर केली की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. डबे सगळीकडे सारखे विखुरलेले असते तर यादीही साधारण चौपट लांबली असती. तसे होते का, हे मुलांनी मोजून पाहावे. बिंदू शहरांभोवती, किल्ल्यांवर आणि पर्यटकांच्या वाटांवर दाटलेले आढळले, तर आपण खेळाडूंचा नकाशा पाहत आहोत हे आपोआप कळते. कीटकांच्या नोंदी रस्त्यालगतच जास्त का सापडतात, किंवा जेथे दवाखाने जास्त तेथे रोग जास्त का दिसतात, हाच प्रश्न विज्ञानाला वारंवार सोडवावा लागतो. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, असे समजणे ही मोठी चूक होय. आयत्या यादीवर बेतलेली सहल ती चूक मुलांच्या मनात नकळत पक्की करते. ज्या गावाचे नाव फाइलमध्ये नाही, तेथे पाहण्यासारखे काही नाही, हाच निष्कर्ष मुले घरी घेऊन जातात. ते गाव त्यांचे स्वतःचे असेल तर हे फार वाईट.

आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. १९९३ साली रायगडच्याच किनाऱ्यावर, शेखाडी येथे, स्फोटके उतरवली गेली आणि मुंबईत बॉम्बस्फोट झाले. तेव्हापासून आपण मुलांना बजावत आलो आहोत की बेवारस वस्तूला हात लावू नका. हा खेळ मात्र नेमके तेच करायला सांगतो. पुलाखाली लपवलेला डबा उघडणाऱ्या मुलांकडे गावकऱ्यांनी संशयाने पाहिले तर दोष त्यांचा नाही. यावर उपाय खेळातच आहे. २००४ पासून त्यात अर्थकॅश नावाचा प्रकार रूढ झाला. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जाऊन खडक, माती, पाणी यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे निरीक्षणाने द्यायची असतात. शाळेने घ्यावा तो हाच प्रकार.

मग जोहे गावाची यादी कशी होईल? ती मुलांनीच करावी. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे हा पट्टा गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा. कारखानदाराची परवानगी घेऊन एका कारखान्याचे स्थान नोंदवावे आणि प्रश्न द्यावा: शाडूची मूर्ती आणि प्लास्टरची मूर्ती, दोन्ही ओल्या असताना हात लावून पाहा. गरम कोणती लागते? प्लास्टर पाण्याशी संयोग पावून काही मिनिटांत घट्ट होते आणि उष्णता बाहेर टाकते. शाडूतले पाणी उडून जायला दिवस लागतात, माती आकसते, घाई केली तर तडे जातात. म्हणूनच वाळलेली शाडू पाण्यात पुन्हा विरघळून चिखल होते आणि प्लास्टर तसेच राहते. विसर्जनाचा सारा वाद या एका फरकावर उभा आहे. दुसरे स्थान एखाद्या बांधाचे: आतल्या आणि बाहेरच्या बाजूला कोणती झाडे, कोणते गवत? तिसरे एखाद्या विहिरीचे: पाणी गोडे की मचूळ, खाडीपासून किती अंतरावर? अशी दहा ठिकाणे, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश, जायची योग्य वेळ, खरे चालण्याचे अंतर आणि एक प्रश्न. हे सारे एका वहीत बसते.

ही वही शेजारच्या शाळेला द्यावी आणि त्यांची मागून घ्यावी. त्यांची मुले आपल्या आकड्यांवरून त्या विहिरीपाशी पोहोचली की नाही, हीच आपल्या कामाची परीक्षा. नाही पोहोचली, तर चूक फोनची, वहीची की खाडीची, हे शोधायला दोन्ही वर्गांनी पुन्हा एकदा जोह्याला जावे.