बघून मुलाखत शिकता येते का?

समाजकार्याच्या वर्गात ही पद्धत आता रुळलीय. एक जण सेवार्थी होतो, दुसरा कार्यकर्ता, बाकीचे टिपणं घेत बघतात. आम्हीही वर्षानुवर्षं हेच करतो. तेव्हा आजची टीका आधी आमच्यावरच आहे.

पद्धत आली वैद्यकशिक्षणातून. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी एका निरोगी स्त्रीला मज्जासंस्थेच्या विकाराची रुग्ण व्हायला शिकवलं. पुढे टोरांटो विद्यापीठात मॅरियन बोगो आणि सहकाऱ्यांनी ती समाजकार्याच्या परीक्षेत आणली. तिथे मुलाखत संपली की विद्यार्थ्याला आपण असं का विचारलं, हे सांगावं लागतं आणि त्याचंही मूल्यमापन होतं. आपण नेमकं हेच वगळलं. आपल्याकडे टाळ्या, मग चहा.

बघणाऱ्यांच्या वह्या उघडून बघा. ‘खुले प्रश्न चार. मान डोलावली. सारांश सांगितला.’ बाई मध्येच गप्प झाली, हे कुठेच नाही. आणि आमची नाटकातली बाई तरी कुठे गप्प बसते? दुसऱ्याच प्रश्नाला ‘नवरा मारतो’ म्हणून मोकळी होते. तिला तास यशस्वी करायचा असतो ना! खरी बाई रेशनकार्डाबद्दल बोलते, मुलाच्या शाळेबद्दल बोलते, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर म्हणते, ‘ताई, अजून एक होतं.’

शिवाय आपल्या वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू शेजारी बसून लसूण सोलत असते. तिच्यादेखत ‘घरी त्रास आहे का?’ विचारलंत, तर त्याची किंमत सून रात्री मोजते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही पोलिसांच्याच आवारात. तिथे बाई बोलते ती आजूबाजूला खाकी वर्दी बघत. हे सगळं वगळून केलेला सराव म्हणजे कोरड्या तलावात पोहणं.

मग पद्धत टाकून द्यायची? नाही. खोट्या सेवार्थीचा एक फायदा खऱ्याकडून कधीच मिळत नाही: कुठे बोलावंसं वाटलं आणि का गिळलं, हे ती नंतर सांगू शकते. म्हणून हल्ली आम्ही सासूची भूमिका घालतो, आणि संपल्यावर पहिल्यांदा सेवार्थीलाच बोलू देतो. मागच्या खेपेला आमची सहकारी म्हणाली, ‘त्याने पेन उचललं ना, तेव्हा मी थांबले.’

तीस जण बघत होते. पेन एकाच्याही टिपणात नव्हतं.