साने गुरुजींची नियतकालिके : वृत्त आणि राजकारण

वृत्तव्यवसाय आणि राजकारण यांमधील जा-ये हा विषय अलीकडे बहुधा दूरचित्रवाणीच्या संदर्भात चर्चिला जातो. फिलिपीन्समधील नोली दे कास्त्रो यांचे उदाहरण या दृष्टीने नमुनेदार आहे. वृत्तनिवेदक म्हणून घराघरांत परिचित झालेले हे गृहस्थ २००१ साली सिनेटवर निवडून आले, २००४ ते २०१० या काळात उपराष्ट्राध्यक्षपदी राहिले आणि पद सुटल्यावर त्याच वर्षी पुन्हा वृत्तनिवेदनाकडे वळले. येथे दोन दालने स्पष्ट वेगळी आहेत आणि त्यांमधला उंबरठाही स्पष्ट आहे. पहिल्या दालनात मिळविलेली ओळख दुसऱ्यात खर्ची पडते. मराठीत असा उंबरठा ओलांडणाऱ्यांची उणीव नाही. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक काढले आणि १९५७ साली ते विधानसभेत गेले. खानदेशात मात्र या विषयाचा विचार करू गेल्यास एक अवघड उदाहरण समोर येते, ते साने गुरुजींचे. त्यांनी पत्रे चालविली, तुरुंगवास भोगले, मोर्चे काढले. पण सत्तेचे कोणतेही पद त्यांनी स्वीकारले नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘पत्रकारितेतून राजकारणात’ हा शब्दप्रयोगच लागू पडत नाही, असा एक समज आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

आरंभ त्यांच्या पत्रांच्या नावांपासूनच करता येईल. ‘छात्रालय’, ‘विद्यार्थी’, ‘काँग्रेस’, ‘कर्तव्य’, ‘साधना’ या पाच नावांत बातमीची सूचना देणारे एकही नाही. ‘प्रकाश’, ‘वृत्त’, ‘समाचार’, ‘काळ’ असे जे शब्द मराठी वृत्तपत्रांच्या मस्तकावर परंपरेने शोभत आले, त्यांपैकी कशाचाही मोह गुरुजींना पडला नाही. पहिले नाव स्थळाचे, दुसरे वाचकाचे, तिसरे संस्थेचे, आणि शेवटची दोन आचरणाची. संस्थेचे नाव मध्येच एकदा येते आणि पुन्हा येत नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९४८ साली गुरुजी समाजवादी मंडळींच्या निकट होते, तरी नव्या पत्राला त्यांनी पक्षाचे नाव दिले नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढीत. १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. ही उमेदवारी गुरुजींच्या चरित्रकथनात बहुधा वात्सल्याचा नमुना म्हणून येते आणि तेवढ्यावरच सोडून दिली जाते. वस्तुतः त्यांच्या पुढील सर्व पत्रकारितेची घडण येथे झाली. ज्या पत्राचा वाचक संपादकाच्याच छपराखाली झोपतो, त्या पत्राला बातमी पुरविण्याचे काम उरत नाही. बातमी वाचकाला आधीच ठाऊक असते. उरते ते तिच्यावर बोलणे. गुरुजी पुढे हजारो अनोळखी वाचकांसाठी लिहू लागले, तरी लेखणीची ही सवय सुटली नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो धुळ्याच्या तुरुंगातला आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी, अशा अठरा रविवारी, विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने केली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाचा उल्लेख विनोबांच्या नावाने होतो व तसाच तो व्हावयास हवा. परंतु वृत्तलेखनाच्या दृष्टीने पाहता हे काम बातमीदाराचे आहे. बोललेला शब्द वेगाने टिपणे, त्याचा क्रम न मोडणे, वक्त्याची ढब राखणे आणि स्वतः अदृश्य होणे, हे सर्व त्यात आले. ‘श्यामची आई’ची रात्रीमागून रात्र उलगडणारी कथनपद्धती ज्याच्या हातून पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात उतरली, तोच हा लेखक. तेथे तो पानोपानी भरून राहिला आहे. धुळ्याच्या वहीत तो कोठेही नाही. स्वतःला बाजूस ठेवण्याची शक्ती गुरुजींत नव्हती, ही त्यांच्या टीकाकारांची आवडती तक्रार या एका पुराव्यापुढे टिकत नाही. शक्ती होती. आपल्या पत्रांत त्यांनी ती वापरली नाही, हे म्हणणे अधिक न्याय्य होय.

‘काँग्रेस’ साप्ताहिक अमळनेरहून १९३८ साली सुरू झाले. मुंबई प्रांतात त्या वेळी बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्यापूर्वी, डिसेंबर १९३६ मध्ये, पूर्व खानदेशातीलच फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले होते. शेतकऱ्यांवरील साऱ्याचा व खंडाचा भार कमी करण्याचा कार्यक्रम त्यात मान्य झाला होता आणि त्या अधिवेशनाच्या प्रचारासाठी गुरुजी गावोगाव हिंडले होते. १९३८ सालीच पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांची बाजूही त्यांनी याच सुमारास घेतली. आणि अमळनेरची गिरणी व ज्या शाळेत त्यांनी सहा वर्षे शिकविले ती शाळा, दोन्ही प्रताप शेटजींच्या नावाने चालत होत्या.

येथे पत्र आणि राजकारण यांचे नाते मोठ्या विलक्षण रीतीने उलटते. सरकार काँग्रेसचे, पत्राचे नाव ‘काँग्रेस’, आणि मागणी त्या सरकारच्या साऱ्याविरुद्ध. पक्षाचे मुखपत्र असते तर त्याने मंत्रिमंडळाची अडचण समजावून सांगितली असती. विरोधी पत्र असते तर फैजपूरच्या वचनांचा उपहास केला असता. गुरुजींच्या भूमिकेला या दोन्ही वाटा बंद होत्या. ज्या वचनासाठी आपण दारोदार गेलो, ते वचन पाळा, असे स्वतःच्याच घराला सांगावयाचे होते. पक्षाचे नाव धारण करणे ही एरवी संपादकाने स्वातंत्र्य गहाण टाकल्याची खूण. येथे त्याच नावाने पक्षाला त्याच्या शब्दात बांधून घेतले. पदाची अपेक्षा नसलेल्या माणसालाच हे साधते, हे उघड आहे. पण तेवढेच पुरेसे नाही. पदाची अपेक्षा नसलेले पुष्कळ संपादक याच प्रसंगी मूग गिळून बसतात.

या निर्भयतेची किंमत मात्र बातमीने मोजली. साऱ्याच्या प्रश्नावर वाचकाला प्रथम हवा असतो तो तपशील : कोणत्या तालुक्यात पीक किती आणे आले, आणेवारी कोणी व कशी ठरविली, सूट कोणत्या नियमाने मिळते वा नाकारली जाते. हा कोरडा मजकूर गुरुजींच्या प्रकृतीचा नव्हता. त्यांची लेखणी शेतकऱ्याच्या दुःखाशी ताबडतोब एकरूप होते व वाचकाला हाक घालते. हाकेने मोर्चा निघतो, परंतु कलेक्टरला उत्तर देणे भाग पडते ते आकड्यांनी. त्यांच्या गद्याला ‘रडवे’ म्हणणाऱ्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवले आहे. अश्रू हा दोष नव्हे. अश्रूंच्या आधी चौकशी पूर्ण न होणे हा दोष आहे, आणि तो साहित्यिकाच्या बाबतीत क्षम्य असला तरी संपादकाच्या बाबतीत तितकासा नाही.

मे १९४७ मधील पंढरपूरचे उपोषण हे गुरुजींचे सर्वांत परिणामकारक राजकीय कृत्य. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला होता. या दौऱ्यात उपयोगी पडला तो मुख्यतः त्यांचा आवाज. पुढील वर्षी गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि मुंबईहून ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक काढले. ते काही महिन्यांतच बंद पडले. पैशाच्या व यंत्रणेच्या अडचणी अशा पत्रांना असतातच. तथापि दैनिकाच्या स्वरूपाशीच गुरुजींच्या लेखणीचा विरोध होता, हे अधिक मूलभूत कारण मानावे लागते. सायंकाळी गाडी गाठणारा मुंबईकर एक आणा देतो तो दुपारपर्यंत काय घडले हे कळावे म्हणून. रोज कर्तव्याची आठवण विकत घेण्याची त्याची तयारी नसते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक निघाले आणि गुरुजी आपल्या स्वाभाविक लयीत परत आले. आठवड्याचे अंतर त्यांना मानवत असे. याच पत्रातून पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. वाचकांचा समुदाय येथे एका मुलीच्या आकाराचा होतो, आणि ‘छात्रालया’तील संबोधन वीस वर्षांनी पुन्हा ऐकू येते. फुले-पाखरे, माणसे आणि देशातील घडामोडी यांना या पत्रांत एकाच पंक्तीला जागा मिळते. मंत्रिमंडळाला फैजपूरच्या वचनाची आठवण देणारा संपादक आणि सुधाला पत्र लिहिणारा काका यांच्यात काहींना उतार दिसतो. सूर निराळा असला तरी मागणी तीच आहे : बोलल्याप्रमाणे वागा. ११ जून १९५० रोजी गुरुजींचा अंत झाला. ‘साधने’चे संपादन त्यानंतर आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांच्याकडे गेले.