अनुक्रमणिका नक्की कोणासाठी?

पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यायचा हे तुम्हाला सगळेच सांगतील. अनुक्रमणिका कशी वाचायची, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज त्याबद्दल, आणि उदाहरण आपल्या ओळखीचं: दिवाळी अंक.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. परंपरा तिथून धरली जाते. आजच्या बहुतेक अंकांची अनुक्रमणिका साधारण एकाच साच्यातली असते. आधी जाहिराती, मग 'कथा', 'लेख', 'परिसंवाद' असे मथळे. प्रत्येकाखाली शीर्षक, लेखकाचं नाव आणि पानाचा आकडा. कवींची मात्र बऱ्याचदा मोळी बांधलेली असते: नावं स्वल्पविरामांनी जोडलेली, कवितेच्या शीर्षकाचा पत्ता नाही.

ही रचना वाईट आहे का? विकत घेणाऱ्यासाठी मुळीच नाही. पनवेलच्या एखाद्या स्टॉलवर उभ्याउभ्या अंक चाळणाऱ्याला आवडता लेखक आहे की नाही एवढंच बघायचं असतं, आणि ते अर्ध्या मिनिटात कळतं. माझा आक्षेप वीस वर्षांनी तोच अंक उघडणाऱ्याच्या वतीने आहे. ग्रंथालयाच्या नोंदीत साधारणपणे अंकाचं नाव आणि वर्ष असतं, आतल्या लेखांची नोंद क्वचितच. म्हणजे लेखापर्यंत जायचा रस्ता हे एकच पान. समजा, खाडीतल्या खारफुटीवरचा लेख 'हिरवी भिंत' या शीर्षकाने नुसत्या 'लेख'खाली बसला, तर शोधणाऱ्याच्या लेखी तो छापलाच गेला नाही. शीर्षक सुंदर असू द्या की, पण खाली अर्ध्या ओळीत विषय सांगा.

शोधनियतकालिकांनी या पानाचं मोल ओळखलं. युजीन गारफील्ड यांचं 'करंट कंटेंट्स' १९५० च्या दशकात सुरू झालं. त्यात निरनिराळ्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिकाच एकत्र छापत. त्या चाळून कोणता लेख मागवायचा ते संशोधक ठरवत. शीर्षक विषय सांगणारं असेल तरच हे जमतं. अर्थात तिथेही सगळं आलबेल नव्हतं. काही नियतकालिकं अनुक्रमणिका कव्हरवरच छापत. ग्रंथालयाने बांधणी करताना कव्हर काढलं की तीही गेली!

आता तुमच्या प्रबंधाकडे या. 'प्रस्तावना, पूर्वसंशोधन, पद्धती, निकाल, चर्चा' ही यादी म्हणजे आपलं 'कथा, लेख, कविता'च झालं. प्रकार कळतो, आत काय आहे ते कळत नाही. साचा विद्यापीठाचा असेल, पण उपशीर्षकं तर तुमची आहेत ना? 'प्रयोग २ चे निकाल' असं लिहिण्यापेक्षा 'क्षारता वाढवल्यावर रोपांची वाढ' लिहा. परीक्षक काय, पुढचा विद्यार्थी काय, आधी तेच पान उघडणार.

एक काम करून बघा. वाचनालयातून जुना अंक घ्या. तुमच्या विषयाशी जुळणारे लेख फक्त अनुक्रमणिकेवरून टिपा, मग अख्खा अंक पान न् पान चाळा. जे सुटले, ते का सुटले हे लिहून काढा. आणि अनुक्रमणिकेचा फोटो काढाल तेव्हा मुखपृष्ठाचाही काढा. त्या पानावर अंकाचं नाव आणि वर्ष असेलच असं नाही, आणि त्याशिवाय संदर्भ देता येत नाही.