पाण्यात उतरलं की कळतं

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या घरामागे लिंबाच्या सावलीत आज दोन कपडे शेजारीशेजारी वाळत आहेत. एक आजीचं सुती लुगडं, तांबड्या काठांचं, नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. ते ट्रंकेतून काढून मी हलक्या हातानं धुतलं आहे. दुसरा माझ्या भाचीचा पोहण्याचा पोशाख, ओंजळीत मावेल एवढा. आजी असल्याच लुगड्यात विहिरीत पोहायची आणि भाची या उन्हाळ्यापासून पोहायला लागली आहे. दोन्ही कपडे उलटेसुलटे करून पाहताना वाटलं, की बाईच्या पोहण्याच्या पोशाखावर आपण बोललो पुष्कळ, पण तो कपडा म्हणून कसा आहे हे क्वचितच पाहिलं.

आधी लुगडं पाहू. नऊवारीचं सगळं कसब कासोट्यात आहे. निऱ्यांचा मधला भाग पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला, की न कापता, न शिवता एका सलग कापडाचे दोन पाय होतात. जमिनीवर ही नेसणी शेतात वाकायला सोयीची, पाण्यात तर तिचं मोल आणखी वाढतं. पाय मोकळे फाकतात आणि बेडकासारखी लाथ बसते. सहावारीत हे व्हायचं नाही, ती पायांना गुंडाळते. आजी पदर कमरेभोवती आवळून खोचायची, ओचा घट्ट करायची, कासोट्याला मागून एक हिसका द्यायची आणि मगच मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारायची. तो हिसका म्हणजे तिची मापाची परीक्षा. कपडा अंगावर बसला आहे की नाही, हे आरशाला विचारायची तिला कधी गरज पडली नाही.

पण लुगड्याची मर्यादाही तिनेच दाखवली. सूत पाणी पितं, आणि नऊ वार सूत पुष्कळ पितं. पोहताना ते जाणवत नाही, कारण पाणी त्याला तोलून धरतं. बाहेर येताना मात्र सगळा भार अंगावर येतो. विहिरीच्या पायऱ्या चढताना आजी दोनदा थांबायची, कमरेजवळ कापड पिळायची, पुन्हा चढायची. ती पट्टीची पोहणारी होती म्हणून निभावलं. नवशिक्या मुलीला, पाठीवर भोपळा किंवा डबा बांधलेला असला तरी, एवढं कापड जड गेलं असतं.

पोहण्याच्या तयार पोशाखाची मराठी माणसात पहिली मोठी चर्चा झाली ती 1938 साली. मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ आला, कथा आचार्य अत्र्यांची, आणि त्यातल्या पाण्यातल्या गाण्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. महाराष्ट्रभर खळबळ उडाली. पुढे वीस वर्षांनी, 1958 साली, ‘दिल्ली का ठग’मध्ये नूतन तशाच पोशाखात आल्या. त्याही मराठी घरातल्या, शोभना समर्थांच्या कन्या. या दोन्ही प्रसंगांत धाडस होतं आणि त्या धाडसाबद्दल मला आदर आहे. फक्त त्या वेळेपासून पोशाखाची सगळी चर्चा किती अंग दिसतं या एकाच प्रश्नावर अडकून पडली. कापड कसलं, पाठीचा पट्टा कुठून कुठे जातो, हात उचलला तर काय होतं, हे प्रश्न मागेच राहिले.

त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. पुण्यात नोकरीला लागल्यावर एका दुकानातून मी पहिला पोशाख घेतला. दुकानदारानं ‘मीडियम’ दिला, मी लाजेनं न घालून पाहता पैसे दिले. त्याला कमरेला झालर होती, अंग झाकायला म्हणून. पाण्यात उतरल्याबरोबर ती झालर छत्रीसारखी वर आली. पाठ सैल होती, तिथून पाणी भरलं आणि पोशाखाची पखाल झाली. तासभर माझा एक हात पोहत होता आणि दुसरा कपडा सावरत होता. दोष माझ्या अंगाचा आहे असंच मी कितीतरी दिवस धरून चालले. दोष मापाचा होता.

म्हणून भाचीच्या पोशाखाच्या वेळी आम्ही टेप घेऊन बसलो. पोहण्याच्या एकसंध पोशाखात छाती, कंबर, नितंब यांच्याइतकंच चौथं माप मोलाचं: खांद्याच्या मध्यावरून टेप समोरून खाली, पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. ही धडाची लांबी. दोन मुलींची छाती-कंबर तंतोतंत जुळेल, पण एकीचं धड चार बोटं लांब असेल, तर एकच पोशाख एकीला शोभेल आणि दुसरीच्या खांद्यात रुतेल. भाची उंच, लांब धडाची. पहिला पोशाख घातला आणि म्हणाली, “आत्या, हा खांद्यावर ओढतोय गं.” कंबरेला तो छान बसला होता, मोह होत होता. पण मी म्हटलं, “काढ. ओढ खांद्यावर दिसते, पण कमी पडलंय धडाला.” एक माप मोठा घेतला तेव्हा बाकी सगळं सैल झालं. तिसरा, लांब धडासाठी बेतलेला, अंगावर चढला आणि ती काही बोललीच नाही. दोन्ही हात वर, उकिडवं बसणं, कमरेत वाकणं, सगळं करून पाहिलं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम गेली. पोशाख भिजल्यावर थोडा सैलावतो, म्हणून दुकानात तो किंचित घट्टच वाटायला हवा. पण श्वास अडायला नको आणि मांडीवर वळ उठायला नको.

आता हा पोशाख जवळून पाहा. रंग गडद निळा, काखेपासून गुडघ्यापर्यंत दोन्ही अंगांना झगझगीत झेंडूच्या रंगाचा रुंद पट्टा. हा पट्टा मी नुसत्या शोभेसाठी निवडला नाही. आमच्या विहिरीचं पाणी हिरवट. निळा, हिरवा, करडा कपडा त्यात हरवून जातो, हा केशरी मात्र काठावरच्या माणसाला दिसत राहतो. पोहणाऱ्या मुलीच्या आईला या रंगाइतका सुंदर रंग दुसरा नाही. शिवाय तो पट्टा सरळ उभा न जाता कमरेशी किंचित आत वळतो आणि मांडीवर पुन्हा बाहेर येतो. त्या एका वळणानं सगळ्या पोशाखाला डौल आला आहे.

पाठ पाहा. दोन पट्टे मानेखाली एकत्र येतात आणि मधून एकच पट्टा खाली जातो, त्यामुळे पाठीची दोन्ही पाती मोकळी राहतात. हात फिरवला तरी पट्टा घसरत नाही. पाय गुडघ्यापर्यंत आहेत. गावात कुणी म्हणेल, ही लाजेची तडजोड. तसं मुळीच नाही. तलावातल्या जागतिक शर्यतींचे नियम बाईच्या पोशाखाला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मुभा देतात, आणि वेगानं पोहणाऱ्या बाया हाच बेत घालतात. झाकणं आणि पोहणं यांचं भांडण झालरीनं लावलं होतं, या बेतानं ते मिटवलं.

आतली बाजू उलटून पाहा, कपड्याचा खरेपणा तिथे असतो. अस्तर पुढेही आहे आणि मागेही. शिवण सपाट, दोन कडा एकमेकींवर न चढवता जोडलेल्या, म्हणून काखेत घासत नाही. शिवण दोन्ही हातांनी ताणली तर दोरा तुटत नाही, कापडाबरोबर लांबतो. कापड उजेडासमोर ताणून धरलं तरी पलीकडची बोटं दिसत नाहीत. जे कोरडं असताना विरळ दिसतं ते ओलं झाल्यावर आणखी विरळ दिसणार, ही साधी परीक्षा दुकानातच करावी.

धागा कसला हेही पाहायला हवं. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये बाया पहिल्यांदा पोहल्या, ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकनं 100 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. त्या काळी पोहण्याचे पोशाख बहुधा लोकरीचे, आजीच्या लुगड्याइतकेच पाणी पिणारे. मग नायलॉन आलं, आणि 1958 साली जोसेफ शिव्हर्सनं ड्यूपाँटमध्ये लायक्रा हा ताणला जाणारा धागा घडवला. आज बहुतेक पोशाख नायलॉन आणि त्या धाग्याच्या मिश्रणाचे असतात, सुंदर बसणारे. पण तलावातलं क्लोरीन हा लवचिक धागा कुरतडतं. काही महिन्यांत कापड मागे लोंबतं, विरळ होतं. भाची आठवड्याला दोनदा पुण्यात क्लोरीनच्या तलावात पोहते, म्हणून तिच्यासाठी पॉलिएस्टर आणि पीबीटी या धाग्यांचा घेतला. तो स्पर्शाला थोडा राठ आहे, पण क्लोरीनपुढे टिकतो.

पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांसाठी बाजारात जुन्या मासेमारी जाळ्यांपासून आणि टाकाऊ गालिच्यांपासून पुन्हा घडवलेल्या नायलॉनचे पोशाख मिळतात. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीचं इकोनिल त्यातलं नावाजलेलं. समुद्रातलं जाळं बाईच्या अंगावर कपडा होऊन यावं, ही कल्पनाच मला भावते. पण त्यातही लवचिक धागा मिसळावा लागतो आणि धुताना त्याचेही बारीक तंतू पाण्यात जातातच. म्हणून माझा भर टिकण्यावर आहे. पाण्यातून आल्याबरोबर पोशाख साध्या गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचा. वॉशिंग मशीन नको, ऊन नको. दर उन्हाळ्याला नवा घेण्यापेक्षा एक नेमका घेऊन तो चार उन्हाळे वापरावा.

इथे मात्र आजीचं लुगडं भाचीच्या पोशाखाला मागे टाकतं. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी व्हायची, गोधडीतून उरलेल्याची बाळाची दुपटी, शेवटी पोतेरं. आणि पोतेरंही मातीत मिसळून जायचं. या निळ्या पोशाखाला असं दुसरं आयुष्य मिळणं अवघड आहे. त्याचं एकच आयुष्य, म्हणून ते लांबवणं आपल्या हातात.

काल संध्याकाळी भाची विहिरीवर आली. मी थारोळ्याजवळ बसले होते. तिनं मांडीवरची कड दोन्ही हातांनी एकदा खाली ओढली, खांद्याचा पट्टा चाचपला आणि सूर मारला. हिरव्या पाण्यात केशरी पट्टा वळला, लांबला, पुन्हा वर आला. ती कपारीपर्यंत गेली, पाठीवर पडून आभाळ पाहत राहिली, पुन्हा बुडी मारली. मी मुद्दाम मोजत होते. अर्ध्या तासात तिचा हात एकदाही कपड्याकडे गेला नाही.