सान्निध्य म्हणजे संबंध नव्हे : प्रथिनबंधांच्या पुराव्याची एक चिकित्सा

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावर असलेल्या नरडाण्याच्या परिसरात कपाशी हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. २००२ साली भारतात बीटी कपाशीला मान्यता मिळाली. तिच्यातील क्राय१एसी हे प्रथिन बोंडअळीच्या मध्यांत्रातील ग्राही प्रथिनांशी बद्ध होऊन तिला मारते. पुढे शेंदरी बोंडअळी प्रथम या प्रथिनाला व नंतर त्याच्या जोडीला दिलेल्या क्राय२एबीलाही दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस-उत्पादकांची मोठी हानी झाली. विषप्रथिन अळीच्या नेमक्या कोणत्या प्रथिनाशी बद्ध होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी द्रव्यमान-वर्णपटमापनाचा, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, आश्रय घेतला जातो. प्रथिन ट्रिप्सिनने तोडावयाचे, मिळालेल्या पेप्टाइडांची द्रव्यमाने मोजावयाची आणि ती ज्ञात अनुक्रमांशी ताडून पाहावयाची, अशी ही रीत. ओळख पटविण्याच्या कामी तिची योग्यता वादातीत आहे. परंतु उपकरण सांगते ते इतकेच, की अमुक प्रथिन नमुन्यात होते. ते तेथे कसे आले, हे आधीच्या जैवरासायनिक कृतीवर अवलंबून असते. आणि अनुमानाचा दोष शिरतो तो तेथेच.

२००३ साली मॅकनॉल व अ‍ॅडँग यांनी तंबाखूवरील मॅन्ड्युका सेक्स्टा या अळीच्या मध्यांत्रपटलातील प्रथिने द्विमितीय जेलवर विभागली, त्यांतील कोणती क्राय१एसीशी बद्ध होतात ते पाहिले आणि त्यांची ओळख द्रव्यमानांवरून पटविली. त्यांत अ‍ॅमिनोपेप्टिडेज व अल्कलाइन फॉस्फॅटेज यांच्याबरोबर अ‍ॅक्टिनही आढळले. अ‍ॅक्टिन हे पेशीच्या आतील प्रथिन. विष येते ते आतड्याच्या पोकळीतून. पेशी फोडल्यावर ज्यांची गाठ पडते, त्यांची जिवंत अळीतही पडतेच असे म्हणता येत नाही. जत्रेत शेजारी दिसलेली माणसे एकाच घरची असतात असे थोडेच आहे!

जे यादीत येत नाही त्याचा विचार केला, तर उणीव अधिकच स्पष्ट होते. पटलात रुतलेली मोठी, जलविरोधी प्रथिने अशा जेलवर नीट उतरत नाहीत. एबीसीसी२ या वाहक प्रथिनाचा क्राय१एसी-प्रतिकाराशी असलेला संबंध २०१० साली हेलिओथिस व्हिरेसेन्स या पतंगात उघडकीस आला, तो जनुकीय नकाशावरून. शेंदरी बोंडअळीत क्राय२एबी-प्रतिकाराचा एबीसीए२ या जनुकाशी असलेला संबंध २०१८ मध्ये दाखविला गेला, तोही जनुकाच्याच अभ्यासातून. कॅडहेरिनची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्याकडे बोट दाखविले ते बंधनप्रयोगांनी; शेंदरी बोंडअळीत त्याला २००३ साली दुजोरा दिला तो उत्परिवर्तनांनी.

यावरून ही पद्धती त्याज्य ठरत नाही; तिची मर्यादा तेवढी ठरते. ती साक्षीदारांची यादी देते, निकाल देत नाही. असा प्रबंध वाचताना अभ्यासकाने काही प्रश्न विचारणे अवश्य आहे. विष न घालता केलेल्या तुलनात्मक प्रयोगातही तेच प्रथिन आले काय? ते केवळ विपुल आहे म्हणून चिकटले काय? आणि त्याचे जनुक निकामी केल्यास अळी विषाला दाद देईनाशी होते काय? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत यादीतील नावाला ग्राही म्हणणे घाईचे होईल. चुकीच्या ग्राहीवर आधारलेल्या उपायाची किंमत अखेरीस शेतकऱ्यालाच मोजावी लागते.