द्वंद्व आणि द्वंद्वसमास

साहित्यिकांचीं भांडणें हा रसिकांच्या बैठकींतला न संपणारा विषय आहे. ग्रंथ वाचण्यापेक्षां ग्रंथकारांचीं भांडणें ऐकण्यांत पुष्कळांना अधिक गोडी वाटते, आणि कित्येकदां ग्रंथ विस्मृतींत गेले तरी भांडण तेवढें लोकांच्या तोंडीं राहतें. आमच्या कोल्हापुरानें अशा एका मोठ्या वादाला दीर्घकाळ आसरा दिला. 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचा तो वाद. मध्यंतरीं एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, फडके-खांडेकरांची सर्वांत चांगली कादंबरी कोणती?" दोन नांवांमधल्या आडव्या रेघेमुळें त्याची अशी समजूत झाली होती कीं, हे दोघे जोडीनें लिहिणारे लेखक असावेत. वर्गांत हशा पिकला. मला मात्र हसूं आलें नाहीं. ज्या दोन नांवांवरून एके काळीं घराघरांत तट पडत, त्यांचा आतां एक द्वंद्वसमास झाला होता. द्वंद्व या शब्दाला झुंज असाही अर्थ आहे आणि जोडी असाही. एका अर्थाकडून दुसऱ्याकडे हा प्रवास कसा झाला, आणि त्यांत आपण काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगतों. फडके १९२६ सालीं येथील राजाराम कॉलेजांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ येथेंच राहिले. त्याच कॉलेजांत पुढें माधव जूलियन फारसी शिकवूं लागले. खांडेकर त्या वेळीं कोंकणांत, शिरोडें या लहानशा गांवीं, शाळामास्तर होते. मास्टर विनायकांच्या 'छाया' या १९३६ सालच्या बोलपटाची कथा त्यांनीं लिहिली, आणि १९३८ सालीं ते कोल्हापुरास येऊन कायमचे येथले झाले. १९३९ च्या नोव्हेंबरांत माधव जूलियन वारले. पुढच्याच वर्षीं रत्नागिरीच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद फडक्यांकडे गेलें, आणि १९४१ सालीं सोलापूरचें अध्यक्षपद खांडेकरांकडे आलें. एकाच गांवांत राहणाऱ्या दोन प्रतिपक्षीयांना महाराष्ट्रानें लागोपाठ दोन वर्षें हा मान द्यावा, यावरून त्या वादाकडे लोकांचें लक्ष किती लागलें होतें याची कल्पना येईल.

वादाचें स्वरूप आज जितकें सोपें करून सांगण्यांत येतें, तितकें तें सोपें नव्हतें. फडक्यांचा 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ १९३१ सालीं निघाला. कथा-कादंबरी लिहिणें ही साधनेनें हस्तगत होणारी विद्या आहे, तिला रचना आहे, तंत्र आहे, असें त्यांनीं मोठ्या विश्वासानें मांडलें. कलेचें साध्य आनंद. उपदेशाचें गांठोडें तिच्या पाठीवर लादूं नये, हें त्यांच्या एकंदर प्रतिपादनाचें सार. कादंबरीकारानें मध्येंच थांबून वाचकाला चार हिताच्या गोष्टी सांगणें हा जेव्हां जणूं त्याचा धर्मच समजला जाई, तेव्हां हें म्हणणें लेखकाला मोकळें करणारें होतें. खांडेकरांचा आग्रह निराळा. दारिद्र्य, अस्पृश्यता, स्त्रीचें दुःख हीं ज्या समाजांत डोळ्यांसमोर उघडीं आहेत, तेथें नुसतें मन रमविण्याचा अधिकार लेखकाला पोंचत नाहीं, असें त्यांना वाटे. १९३५ सालीं लालजी पेंडसे यांचें 'साहित्य आणि समाजजीवन' प्रसिद्ध झालें. मार्क्सवादी विचाराचें बळ जीवनवाद्यांच्या बाजूस मिळालें आणि वाद अधिकच तापला.

परंतु मतें कांहीं आकाशांतून पडत नाहींत. फडके पुण्यांत शिकलेले, एम्. ए. झालेले, नीटनेटक्या आणि रसिक राहणीचे. तरुण विद्यार्थ्यांच्या सहवासांत त्यांचें आयुष्य गेलें, आणि त्यांच्या नायक-नायिकांच्या अंगावर त्या जगाचीच झळाळी आहे. खांडेकरांचें पितृछत्र लहानपणींच गेलें. कॉलेजचें शिक्षण अर्धवट सोडावें लागलें. प्रकृति नेहमींच नाजूक. आणि उमेदीचीं अठरा वर्षें एका खेड्यांतल्या शाळेंत गेलीं. या दोघांनीं लघुनिबंध हा एकच प्रकार हाताळला, तेव्हां हा भेद फार चांगला दिसतो. फडक्यांच्या 'गुजगोष्टीं'त एखादी क्षुल्लक वस्तु, एखादी संवय, एखादें लहानसें सुख एवढ्यानें भागतें. तें सुख नीट सांगून झालें कीं लेखक थांबतो. खांडेकरांच्या 'वायुलहरीं'त निबंधाची सुरुवात तितक्याच लहान गोष्टीपासून होते, पण शेवटाकडे येतांना तिचा धागा माणुसकीच्या एखाद्या मोठ्या प्रश्नाशीं जोडल्याखेरीज लेखकाला चैन पडत नाहीं. एकाला सुख हें स्वयंपूर्ण वाटतें. दुसऱ्याला त्याबद्दल थोडें अपराधी वाटतें. सिद्धान्त पुढें आले. स्वभाव आधींपासूनच होते.

हें एवढेंच असतें तर तो दोन मोठ्या माणसांचा मतभेद म्हणून राहिला असता. त्याचें भांडण केलें तें वाचकांनीं. खासबागच्या मैदानावर ज्यानें कुस्ती पाहिली आहे त्याला ठाऊक आहे कीं, हौद्यांत उतरलेले मल्ल हातांत हात देतात, माती लावतात आणि कुस्ती संपल्यावर बाजूला होतात. डोकीं फुटतात तीं प्रेक्षकांत. आमच्या घरींही असेंच होतें. आजोबा राजाराम कॉलेजांत फडक्यांच्या वर्गांत बसलेले, अर्थात् कलावादी. त्यांचे धाकटे बंधू प्राथमिक शाळेंत शिक्षक, म्हणून खांडेकरांच्या पक्षाचे. रविवारीं सकाळीं धाकटे आजोबा आले कीं चहाबरोबर हा वाद निघे, आणि पुष्कळदां चहा निवून जाई. "तुमच्या फडक्यांना भूक कधीं लागलेलीच नाहीं," हें एका बाजूचें ठराविक वाक्य. "तुमचे खांडेकर शाळेंतून कधीं बाहेरच आले नाहींत," हें दुसऱ्या बाजूचें. लहानपणीं मला हीं दोन्ही वाक्यें पाठ होतीं.

आजोबांच्या मागें त्यांचें कपाट आवरतांना मला 'उल्का'ची एक प्रत सांपडली. धाकट्या भावानें ती त्यांना भेट दिली होती. पहिल्या पानावर नांव आणि तारीख होती. जुन्या पुस्तकांचीं पानें कडेला जुळलेलीं असत आणि वाचणारा तीं सुरीनें कापून घेई. या प्रतीचा पहिला फॉर्मा तेवढा कापलेला होता. पुढचें सगळें पुस्तक जसेंच्या तसें. ज्या लेखकाविरुद्ध आजोबा जन्मभर बोलले, त्याचीं सोळा पानें त्यांनीं वाचलीं होतीं! प्रथम मला त्यांचा रागच आला. मग लक्षांत आलें कीं, मीही इतकीं वर्षें 'फडके तंत्रवादी, खांडेकर ध्येयवादी' हें वाक्य वर्गांत सांगत आलों आहें, आणि तें सांगण्यापूर्वीं मीं दोघांपैकीं एकाचेंही पुस्तक कित्येक वर्षांत पुन्हा उघडलेलें नाहीं. आजोबांनीं निदान सोळा पानें तरी कापलीं होतीं.

अशी गोष्ट केवळ आपल्याकडेच घडते असें नाहीं. हेन्री जेम्स आणि एच्. जी. वेल्स यांच्यांत हाच प्रश्न उपस्थित झाला होता. जेम्सनें १९१४ सालीं तरुण कादंबरीकारांवर लेख लिहून वेल्सच्या पद्धतीला दोष दिला. वेल्सनें १९१५ सालीं 'बून' या पुस्तकांत वृद्ध जेम्सची टर उडविली. जुना स्नेह तुटला, आणि पुढच्या फेब्रुवारींत जेम्स वारला. आज 'बून' मुद्दाम कोण वाचतो? परंतु त्या प्रसंगीं दोघांनीं एकमेकांना लिहिलेलीं पत्रें कादंबरीचे अभ्यासक अद्याप वाचतात. कारण कादंबरीकडून आपल्याला नेमकें काय हवें आहे, हें त्यांत प्रत्येकाला स्वतःशींच स्पष्ट करावें लागलें. वादांतला उपहास त्या दोघांबरोबर गेला. विचार मागें उरला.

मराठींतही याची साक्ष आहे. पुण्याच्या रविकिरण मंडळाचा उदय १९२३ सालचा. आणि माधव जूलियनांसारख्या त्यांतील कवींची थट्टा करणारें प्र. के. अत्रे यांचें 'झेंडूचीं फुलें' १९२५ सालचें. ती थट्टा आजही टवटवीत आहे. विडंबन करावयाचें तर मूळ कविता आधीं कानांत घोळवावी लागते. तिची लकब, तिचें वृत्त, तिचा आवडता शब्द हें सारें प्रेमिकाच्या चिकाटीनें टिपावें लागतें. म्हणजे अत्र्यांनीं पानें कापलीं होतीं. हेच अत्रे पुढें वृत्तपत्रांच्या रणांगणांत उतरले. फडक्यांशीं झालेला त्यांचा झगडा तर सर्वश्रुतच आहे. त्या लढायांतलें रोखठोक मराठी आपण कौतुकानें आठवतों, पण प्रतिपक्षाच्या ग्रंथाविषयीं त्यांतून आपल्याला नवें असें फारसें कळत नाहीं. चांगला वाद आणि वाईट वाद यांतला भेद सभ्यतेचा नाहीं. प्रतिपक्षीयाला वाचलें आहे कीं नाहीं, याचा आहे.

आणि वाचूं लागलें म्हणजे मौज अशी दिसते कीं, या दोघांच्या कृतींनीं आपल्याच मालकांविरुद्ध साक्ष दिली आहे. कलावादी फडक्यांनीं आपल्या अनेक कादंबऱ्यांना समकालीन राजकारणाची पार्श्वभूमि घेतली. बाहेरच्या जगांतील वादळ त्यांना खिडकी लावून थोपवितां आलें नाहीं. उलट जीवनवादी खांडेकरांची भाषा पाहा. उपमा-रूपकांची इतकी आरास फडक्यांच्या सरळ, नितळ गद्यांत शोधूनही सांपडणार नाहीं. रूपककथेसारखा अत्यंत घडीव प्रकार मराठींत रुजविला तो खांडेकरांनींच. आणि ज्या 'ययाति'ला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, जिच्या कर्त्याला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, जी आजही घरोघर वाचली जाते, तिचें सामर्थ्य कशांत आहे? बोध तिच्यांत आहेच. परंतु ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनीं आपापली बाजू आपल्याच तोंडानें सांगावी, ही योजना जर नसती तर तो बोध कीर्तनांतल्या बोधाहून निराळा झाला नसता. कथा कोणाच्या तोंडून सांगावी, हा तंत्राचा प्रश्न आहे. 'प्रतिभासाधन'काराला अभिमान वाटावा असेंच हें उदाहरण!

मग झुंजीची जोडी कशी झाली? १९४५ च्या सुमारास नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनीं कथेची वाटच बदलली. इकडे मर्ढेकरांनीं कवितेची आणि सौंदर्यविचाराची भाषा बदलली. नव्या दृष्टीला फडक्यांचें तंत्र जितकें कृत्रिम वाटलें तितकाच खांडेकरांचा कल्पनाविलासही कृत्रिम वाटला. जे आयुष्यभर एकमेकांचे प्रतिपक्षी होते त्यांना पुढच्या पिढीनें एका फळीवर ठेवून दिलें आणि मध्यें एक रेघ ओढली. हा निर्णय देण्याचा नव्या लेखकांना पूर्ण अधिकार होता. त्यांना स्वतःसाठीं जागा करावयाची होती. पण त्यांची ती गरज आमची नाहीं. तो निर्णय आम्ही न वाचतां वारशानें घेतला, हा आमचा दोष. आजोबांनीं एका पक्षाचा शिक्का घेतला. आम्ही दोघांवर एकच शिक्का मारला. पानें दोन्ही वेळीं जुळलेलींच राहिलीं.

गेल्या सुट्टींत मीं ती 'उल्का' कापून वाचली, आणि लगेच फडक्यांची १९२९ सालची 'दौलत' वाचली. दोन्ही पुस्तकें जुनीं झालीं आहेत, हें खोटें बोलण्यांत अर्थ नाहीं. खांडेकरांच्या उपमांची गर्दी कोठें कोठें असह्य होते. फडक्यांच्या पात्रांचीं दुःखें कधीं कधीं फार चांगले कपडे घालून येतात. परंतु प्रकरण नेमकें कोठें थांबवावें याची फडक्यांना असलेली जाण आजच्या किती कादंबरीकारांना आहे? आणि दुसऱ्याच्या दुःखानें आपली झोंप उडाली पाहिजे, हा खांडेकरांचा हट्ट आपण कोणत्या तोंडानें जुनाट म्हणावा? फडक्यांचें म्हणणें ऐकल्यावर खांडेकरांचा उणेपणा कळतो, खांडेकरांचें ऐकल्यावर फडक्यांचा; आणि दोघांना एकत्र ऐकल्यावर आपला स्वतःचा.

व्याकरणांत द्वंद्वसमासाचा नियम असा आहे कीं, त्यांतील दोन्हीं पदें प्रधान असतात. एक दुसऱ्यांत विरून जात नाहीं. पुढच्या वर्षीं वर्गांत वादाचा इतिहास सांगण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं दोघांचें एकेक पुस्तक द्यावें, असें मीं ठरविलें आहे. त्यांतून तट पडलेच तर पडोत. निदान ते वाचलेल्यांचे असतील.