नकाशातले कुरण आणि हरवलेला भारीट

हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारात उतरणारे काळ्या डोक्याचे भारीट आपल्या ओळखीचे आहेत. त्यांचाच एक भाऊबंद म्हणजे पिवळ्या छातीचा भारीट. एके काळी तो फिनलंडपासून जपानपर्यंत ओल्या कुरणांत आणि नदीकाठच्या झुडपांत घरटी करी आणि थंडीत दक्षिण चीन, आग्नेय आशिया, नेपाळ व आपल्या ईशान्य भारतात येई. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली. २०१७ साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली.

अशा पक्ष्यासाठी योग्य जागा कोठे आहेत, हे दाखवणारे रंगीत नकाशे आता संगणकावर सहज काढता येतात. पक्षी जेथे जेथे दिसला त्या ठिकाणांची यादी घ्यायची आणि तापमान, पाऊस, उंची, झाडोरा यांची माहिती जोडायची. त्या ठिकाणांत समान काय आहे ते संगणक शोधतो आणि प्रत्येक चौकोनाला ० ते १ मधला गुण देतो. या कामासाठी 'मॅक्सेंट' ही पद्धत फार वापरली जाते. फिलिप्स, अँडरसन व शापायर यांनी २००६ साली ती मांडली तेव्हा उदाहरणे घेतली होती एका स्लॉथची आणि अँडीज पर्वतातल्या एका उंदराची. म्हणजे दोन्ही घरबशे प्राणी! हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला तीच फूटपट्टी लावताना सावध राहायला हवे.

आमचा मुख्य आक्षेप नोंदींच्या सालांबद्दल आहे. भारीटाच्या १९८० पूर्वीच्या नोंदी दिल्या, तर फिनलंडची कुरणे नकाशावर हिरवी होतील. फक्त अलीकडच्या नोंदी दिल्या, तर तीच कुरणे पांढरी पडतील, कारण या पक्ष्याचा प्रदेश पश्चिमेकडून सुमारे ५,००० किलोमीटर आक्रसला आहे. जागा तीच, पण निकाल उलटा. दुसरा नकाशा पाहणारा म्हणेल, तिथले हवामान त्याला मानवत नाही. प्रत्यक्षात संशोधकांचा मुख्य रोख आहे तो स्थलांतराच्या वाटेवर चीनमध्ये जाळी लावून होणाऱ्या पकडीवर. तेथे हा पक्षी खाण्यासाठी विकला जाई. १९९७ मध्ये बंदी आली, तरी पकड चालूच राहिली. फिनलंडचे भारीटसुद्धा आधी पूर्वेकडे जाऊन मग चीनमार्गेच दक्षिणेला उतरत. पाऊस आणि तापमान मोजणाऱ्या नकाशात जाळ्याला रकानाच नाही.

मग हे नकाशे टाकाऊ का? मुळीच नाही. जुन्या नोंदींवरचा नकाशा हिरवा आणि कुरण रिकामे असेल, तर घटीचे कारण बहुधा दुसरीकडे आहे, एवढे तरी कळते. शोध कोठे घ्यावा हेही कळते. मात्र ०.८ गुण म्हणजे 'तेथे पक्षी असण्याची शक्यता ८० टक्के' असा अर्थ लावू नये, आणि तो वारंवार लावला जातो. गुण फक्त तुलनेचा असतो.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. मुलांना आठवडाभर दिसलेल्या चिमण्या गावाच्या नकाशावर ठिपक्यांनी दाखवायला सांगावे. बरेच ठिपके घर ते शाळा या रस्त्यावर पडतील. मग विचारावे, चिमणीला रस्ता आवडतो का? भारीटाच्या नकाशाकडे वळायचे ते त्यानंतर. आणि त्यावर नोंदींची साले छापलेली नसतील, तर तसा नकाशा वर्गात लावू नये.